१,८०० चा दर स्वस्त की २,०५० चा? काळ्या जमिनीवर घर बांधण्याआधी

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातला, नुकताच निवृत्त झालेला शिक्षक. तालुक्याच्या गावी अडीच गुंठ्यांचा (साधारण ५० बाय ५४ फूट) एनए प्लॉट घेऊन ठेवला आहे. जमीन काळी, शेजारी ऊस. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि एक खोली, वर दोन खोल्या, असं दोन्ही मजले मिळून १,४०० चौरस फुटांचं घर बांधायचं आहे. साहित्यासह दोन ठेकेदारांचे दर आले आहेत. एकाचा चौरस फुटाला १,८०० रुपये, दुसऱ्याचा २,०५०. दिवाळीनंतर काम सुरू करून पुढच्या दिवाळीला वास्तुशांत करावी, असं मनात आहे. मुलगा पुण्याला असतो, साइटवर मीच असणार. बांधकामातलं मला काही कळत नाही. नेमकं काय-काय होणार, खर्च कुठे वाढतो आणि मी लक्ष कुठे ठेवू?

उत्तर :

सर, नमस्कार.

तुम्ही दर दोन लिहिलेत, पण क्षेत्रफळ दोघांचं एकच धरलंत. १,४०० फुटांनी गुणलं तर एकाचे २५ लाख २० हजार होतात आणि दुसऱ्याचे २८ लाख ७० हजार. साडेतीन लाखांचा फरक दिसतो. आता दोघांनाही एकच प्रश्न विचारा : ‘चौरस फूट कशाचा मोजणार?’ बरेच ठेकेदार स्लॅबचं क्षेत्रफळ मोजतात. म्हणजे तुमच्या खोल्यांच्या १,४०० फुटांत पोर्च, बाल्कनी आणि जिन्याची टोपीही (गच्चीवर जिन्यावरचं छत) धरली जाते. पोर्च १२०, बाल्कनी ६० आणि टोपी ९० फूट धरली तर आकडा १,६७० वर जातो. १,६७० गुणिले १,८०० म्हणजे ३० लाख ६ हजार. दुसरा जर फक्त बांधीव १,४०० वरच बिल करणार असेल, तर १,८०० वालाच महाग पडला. काय मोजायचं, ते नकाशावर रंगीत पेनने आखून घ्या आणि त्यावर दोघांच्या सह्या असू द्या.

त्यानंतर दरात काय नाही, ते विचारा. काय आहे याची यादी ठेकेदार आपणहून देतोच. एरवी बाहेर राहणाऱ्या गोष्टी अशा : कंपाउंड वॉल (तुमच्या प्लॉटला चारी बाजूंनी २०८ फूट), गेट, सेप्टिक टँक, जमिनीखालची पाण्याची टाकी, बोअर, खिडक्यांची ग्रिल, पार्किंगची फरशी, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या, वीजजोडणी, परवानगीची फी. फरशी आणि नळांच्या बाबतीत ‘चांगल्या कंपनीची’ असं लिहिलेलं चालवून घेऊ नका. ‘फरशी अमुक रुपये चौरस फुटापर्यंत, त्यावरचा फरक मालकाचा’ असं स्पष्ट हवं. जीएसटीचंही विचारून ठेवा. नोंदणी असलेल्या ठेकेदाराच्या साहित्यासह ठेक्यावर १८ टक्के लागतो. दर तो धरून आहे की वरून, यात पाच लाखांचा फरक पडू शकतो. स्वतःच्या एकट्या घरासाठी नुसत्या मजुरीचा ठेका दिला तर त्यावर जीएसटी नाही, पण मग सिमेंटपासून खिळ्यांपर्यंत सगळं आणायचं तुम्हालाच. बांधकामाची माहिती नसताना त्या फंदात पडू नका.

एवढं करूनही ठेक्याच्या रकमेवर आणखी चौथा हिस्सा वेगळा ठेवा. तुमच्या बाबतीत तर नक्कीच, कारण जमीन काळी आहे.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतात पडणाऱ्या भेगा तुम्ही पाहिल्याच असतील, त्यात बोट जातं. पाया याच मातीत ठेवला तर घर दरवर्षी इंच-अर्धा इंच वर-खाली होत राहतं, तेही सगळीकडे सारखं नाही. शेजारच्या उसाला पाणी सुटलं की त्या बाजूची माती फुगलेली आणि रस्त्याकडची कोरडी. मग खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा जातात, दारं अडकायला लागतात. वरून कितीही पुट्टी भरा, पुढच्या उन्हाळ्यात भेग पुन्हा तिथेच.

म्हणून ठेकेदार ठरवण्याआधी, दराच्या घासाघिशीच्याही आधी, तास-दोन तास जेसीबी बोलवा आणि प्लॉटच्या दोन टोकांना दोन खड्डे घ्या. मुरूम किती फुटांवर लागतो ते टेपने मोजा. त्या दिवशी स्ट्रक्चरल इंजिनिअर तिथे उभा असला पाहिजे. आर्किटेक्ट नव्हे आणि ठेकेदाराचा ‘आमचा माणूस’ही नव्हे. सहा-आठ फुटांवर पक्का मुरूम लागला तर काम सोपं आहे : प्रत्येक कॉलमखाली स्वतंत्र फुटिंग (कॉलमचा रुंद काँक्रीटचा पाया), तेही मुरमावर टेकलेलं. कृष्णाकाठच्या खोल काळ्या जमिनीत मुरूम आणखी खाली असू शकतो. तसं निघालं तर अंडर-रीम्ड पाइल घ्यावे लागतील. हे खाली फुगीर बल्ब असलेले खांब असतात आणि साधारण साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल, जिथे ओल-वाळ पोचत नाही अशा थरात रोवलेले असतात. खर्च वाढेल, पण तो आत्ता कळेल. कोटेशनमध्ये बहुतेक वेळा बारीक अक्षरात ‘पाया ५ फुटांपर्यंत’ असं असतं. मुरूम नऊ फुटांवर निघाला की उरलेल्या चार फुटांचं खोदकाम, कॉलमची वाढीव उंची आणि भराव, सगळं ‘एक्स्ट्रा’. खड्ड्याचं माप हातात असेल तर हा भाव आधीच ठरतो.

पायाचं आणखी थोडं. खोदून काढलेली काळी माती परत भरावात टाकू द्यायची नाही. ती साइटवर असेल तर ठेकेदार ती हमखास वापरतो, कारण फुकट असते. उचलून न्यायलाच सांगा. जोत्याचा भराव मुरमाचाच, तोही सहा-आठ इंचांचे थर करून, प्रत्येक थरावर पाणी मारून आणि धुमसून. घाईत तीन फूट मुरूम एकदम ओतून वर पाणी सोडलं तर वर्ष-दीड वर्षात हॉलची फरशी खचते आणि स्कर्टिंगखाली फट दिसू लागते. नव्या घरांतली ही फार नेहमीची तक्रार. प्लिंथ बीमच्या (जोत्याच्या पातळीवरच्या आडव्या तुळईच्या) खाली काळ्या मातीत तीनेक इंचांची पोकळी ठेवतात, म्हणजे माती फुगली तरी बीमला वर ढकलत नाही. इंजिनिअरच्या ड्रॉइंगमध्ये ती दाखवलेली आहे का, बघा. घराभोवती चार-पाच फुटांचा बाहेर उताराचा कोबा करून घ्या, पाणी पायाशी मुरता कामा नये. वाळवीची फवारणीही भरावाच्या वेळीच करायची, चौरस मीटरला ५ लिटर द्रावण. नंतर केली तर फरशीला भोकं पाडावी लागतात.

वेळापत्रक. दिवाळी ते दिवाळी घर होतं, फक्त मोजणी, नकाशे, इंजिनिअरचं डिझाइन आणि बांधकाम परवानगी दिवाळीआधी हातात हवी. हद्द कायम मोजणी आधी करून घ्याच. कुंपणाचा दगड फूटभर सरकलेला निघाला की सगळं सामासिक अंतर (हद्दीपासून घरापर्यंत सोडायची जागा) बिघडतं. पावसाळा संपून जमीन वाफशावर आली की खोदकाम. जोतं डिसेंबर-जानेवारीपर्यंत, पहिला स्लॅब फेब्रुवारीत, दुसरा मार्चअखेर. होळीला सेंटरिंगवाले (स्लॅबखाली प्लेटा आणि टेकू लावणारे) आणि बिगारी गावी जातात, गावची जत्रा आली की गवंडी गायब, त्यामुळे प्रत्येक टप्प्यात आठवडाभर जास्तीचा धरा. विटांचं काम आणि प्लास्टर एप्रिल ते जून. पावसाळ्यात आतली फरशी, प्लंबिंग, वायरिंग. रंग मात्र दसऱ्याच्या आसपासच, भिंती पूर्ण वाळल्यावर. वास्तुशांतीच्या तारखेसाठी ऑगस्टमध्ये ओल्या भिंतीवर पुट्टी ओढली तर ती पापुद्र्यांनी सुटते. तारीख चुकत असेल तर पूजा करून घ्या, रंग नंतर.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे : लक्ष कुठे ठेवायचं. रोज आठ तास खुर्ची टाकून बसायची गरज नाही. पुढच्या कामाखाली जे कायमचं झाकलं जाणार आहे, ते झाकण्याआधीच्या दिवशी तुम्ही आणि इंजिनिअर तिथे असलं पाहिजे. असे दिवस वर्षात दहा-बारा येतात : फुटिंगची जाळी, जोत्याचा भराव, कॉलमच्या सळया, दोन्ही स्लॅब, प्लास्टरआधीच्या भिंती, बाथरूमचा संक (पाइपांसाठी खाली घेतलेला स्लॅब), गच्चीचं वॉटरप्रूफिंग. करारात एक वाक्य घालून घ्या : ‘इंजिनिअरने लेखी होकार दिल्याशिवाय काँक्रीट ओतायचं नाही.’

सळई आली की वजन करा. व्यासाचा वर्ग भागिले १६२ केलं की मीटरमागे किलो मिळतात. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८८९ किलो, म्हणजे १२ मीटरची अख्खी सळई १०.६६ किलो. दहा सळया काट्यावर घाला, १०६-१०७ किलो भरायला हव्यात. भारतीय मानकात या जाडीला ५ टक्क्यांची सूट आहे, म्हणजे १०१ च्या खाली आल्या तर गाडी परत. वाळू-खडी ब्रासवर येते. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉलीची आतली लांबी, रुंदी आणि माल भरलेली उंची फुटांत मोजा, गुणा, शंभराने भागा. तुम्ही मोजता हे कळलं की पुढच्या गाड्या आपोआप भरून येतात.

कॉलममध्ये रिंगा बघा, म्हणजे उभ्या सळयांना वेढणाऱ्या आडव्या सळया. रिंगेची दोन्ही टोकं आत, काँक्रीटच्या गाभ्याकडे, १३५ अंशांत वळलेली हवीत आणि वळल्यानंतर पुढे निदान ६५ मिलिमीटर सळई असावी. फिटर काटकोनात वळवून मोकळा होतो, कारण ते सोपं. भूकंपात काटकोनातली रिंग उघडते आणि कॉलम फुटतो. १९६७ साली कोयनेचा धक्का सोसलेल्या भागाच्या शेजारी तुम्ही घर बांधताय, तेव्हा या एका वळणासाठी भांडलात तरी चालेल. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला रिंगा जवळ-जवळ असतात, मध्ये विरळ. सळयांचा जोडही कॉलमच्या मधल्या भागात हवा, स्लॅबला लागून नको.

स्लॅबचा दिवस जरा सविस्तर सांगतो. तुमचा एक स्लॅब ७०० फुटांचा, ५ इंच जाडीचा धरला तर नुसत्या स्लॅबचं काँक्रीट सव्वाआठ घनमीटर होतं. बीम धरून ते ११-१२ घनमीटरवर जाईल. एम-२० प्रतीच्या काँक्रीटला घनमीटरमागे साधारण ८ पोती सिमेंट लागतं, म्हणजे ९० ते ९५ पोती. सकाळी पोती मोजा, संध्याकाळी रिकामी मोजा. ७० च निघाली तर काय झालं, ते विचारायला नको.

पाणी हा खरा शत्रू. एका पोत्याला सगळं मिळून २५ लिटर पाणी, म्हणजे १५ लिटरच्या पावणेदोन बादल्यांच्याही आत. वाळू ओली असेल तर आणखी कमी. काँक्रीट पातळ असलं की ढकलायला सोपं, म्हणून मिक्सरवाला गुपचूप एक बादली वाढवतो आणि ताकद तिथेच उतरते. घट्ट वाटलं तर त्यावरचा उपाय व्हायब्रेटर (काँक्रीट हलवून घट्ट बसवणारं यंत्र) आहे, पाणी नव्हे. व्हायब्रेटर दोन हवेत, कारण एक हमखास बंद पडतो.

जाळीखाली कव्हर ब्लॉक (सळई प्लेटांपासून अंतरावर धरणारे ठोकळे) : स्लॅबला २० मिलिमीटर, बीमला २५, कॉलमला ४०, फुटिंगला ५०. खडीचे तुकडे सारून काम भागवू देऊ नका. आणि बाल्कनी-छज्जाची सळई. ही गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. खोलीवरच्या स्लॅबची मुख्य सळई तळाला असते, पण पुढे आलेल्या बाल्कनीची वरच्या बाजूला, कारण ताण वर येतो. काँक्रीट ओतताना घमेलं घेऊन माणसं तिच्यावरून चालतात आणि सळई दबून तळाला जाते. वरून सगळं छान दिसतं, पण बाल्कनीत आता काही धरून ठेवणारं उरलेलं नसतं. उपाय म्हणजे सळईखाली सळई वाकवूनच केलेल्या आधाराच्या खुर्च्या आणि चालायला फळ्या. ओतायच्या ऐन वेळी एका माणसाने फक्त एवढंच बघत उभं राहायचं. तुम्हीच राहा.

त्याच दिवशी १५ सेंटिमीटरचे सहा क्यूब (त्याच काँक्रीटचे ठोकळे) भरून घ्या, काही ७ दिवसांनी आणि काही २८ दिवसांनी प्रयोगशाळेत फोडायचे. सात दिवसांना साधारण दोन तृतीयांश ताकद यायला हवी. दुसऱ्या दिवशी स्लॅबवर मातीची आळी करून पाणी साठवा. हल्ली मिळतं ते बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट, त्याला निदान १० दिवस, जमल्यास १४ दिवस सतत ओल हवी. ‘सकाळ-संध्याकाळ पाइप मारतो’ हे एप्रिलच्या उन्हात पाणी मारणं नव्हे, दुपारी दोनला स्लॅब कोरडा ठणठणीत असतो. बोअरचं पाणी वापरणार असाल तर आधी तपासून घ्या. सळईच्या काँक्रीटला क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. सेंटरिंगचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) किमान ७ दिवस, त्याहून मोठ्याला आणि बीमला १४ दिवस. हे मानक साध्या सिमेंटचं आहे, पीपीसीला त्याहून थोडे जास्त. प्लेटा भाड्याच्या असल्याने ठेकेदार घाई करणारच.

विटांच्या कामात फार डोकं घालवू नका. विटा भिजवलेल्या आहेत ना आणि एका दिवसात भिंत चार-साडेचार फुटांवर चढवत नाहीत ना, एवढं पुरे. प्लास्टरआधी वीट आणि काँक्रीट भेटतात तिथे जाळी मारून घ्या, नाहीतर बीमखाली सरळ रेघ उमटते. आणि वायरिंगचे, नळाचे पाइप भिंतीत बसले की प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढा, शेजारी टेप उभी धरून. पाच वर्षांनी टीव्हीसाठी भोक पाडताना हे फोटो उपयोगी पडतील. पंख्याचे बॉक्स आणि दिव्याचे पाइप स्लॅबमध्ये जातात, म्हणून इलेक्ट्रिशियन स्लॅबच्या आधी ठरलेला हवा. सोलर हीटरच्या गरम पाण्याची लाइन आणि एसीच्या पाण्याचा निचरा तेव्हाच काढून ठेवा.

बाथरूमचा संक आणि गच्ची यांची परीक्षा एकच : तोंडं बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवायचं आणि खालून छत बघायचं. फरशी बसायच्या आधी. गच्चीच्या कोब्याला १०० ला १ इतका उतार हवा आणि पाणी जायला ४ इंची पाइप.

शोषखड्ड्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण काळ्या मातीत पाणी जिरत नाही. पावसाळ्यात तो तुंबून उलटा येतो. नगरपालिकेची गटार असेल तर सेप्टिक टँकचं पाणी परवानगीने तिला जोडा. नसेल तर इंजिनिअरकडून निचऱ्याची वेगळी सोय मागा. बोअर घेणार असाल तर टँक आणि शोषखड्ड्यापासून १८ मीटर लांब. तुमच्या प्लॉटचा कर्ण २२ मीटरच्या आसपास आहे, म्हणजे दोन्ही समोरासमोरच्या कोपऱ्यांतच बसतात. नकाशावर आजच खुणा करा.

निवृत्तीनंतरचं घर आहे, म्हणून जिन्याच्या पायऱ्या मोजा. मजल्याची उंची १० फूट असेल तर ६ इंची पायऱ्या वीस होतात. जागा वाचवायला सतराच काढल्या की प्रत्येक पायरी सात इंचांच्या वर जाते आणि गुडघे ते रोज मोजतात. खालच्या खोलीला लागून बाथरूम आहे ना? त्याचं दार तीन फुटी ठेवा, अडीच नको.

पैसे कामाच्या मागे चालले पाहिजेत. सुरुवातीला ५ ते १० टक्के, मग जोतं, पहिला स्लॅब, दुसरा स्लॅब, वीटकाम, प्लास्टर, फरशी, असा टप्पा पुरा झाला की त्याचा हप्ता. जोत्यालाच ४० टक्के मागणारा ठेकेदार तुमच्या पैशांवर दुसरीकडची साइट चालवतोय, असं समजा. कर्ज असेल तर बँकही टप्पा झाल्यावरच पैसे सोडते, त्यामुळे पहिला टप्पा स्वतःच्या खिशातून धरा. शेवटचे ५ टक्के एक पावसाळा सरेपर्यंत राखून ठेवायचे, हे करारातच लिहा. प्लास्टरवरच्या केसासारख्या रेघांनी घाबरू नका, त्या येतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी, विटांमधून आरपार गेलेली भेग असेल तर दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख टाका. महिन्याभरात ती खुणेच्या पुढे गेली तर ठेकेदाराला नव्हे, इंजिनिअरला बोलवा.

जोतं झालं की जोते तपासणी आणि काम संपलं की भोगवटा प्रमाणपत्र, हे दोन्ही कागद आर्किटेक्टच्या फीचा शेवटचा हप्ता देण्याआधी हातात घ्या. ते हाती आले की बांधकामाचा वीज मीटर घरगुती दरावर बदलून घ्या.

सध्या एवढंच करा : जेसीबी, दोन खड्डे, टेप. मुरूम किती फुटांवर लागला ते कळवा. दोन्ही ठेकेदारांची कोटेशनं पाठवलीत तर त्यांच्या वगळलेल्या बाबी शेजारी-शेजारी मांडून देऊ.